अबोला विचारत फिरणारे वडील

देवळात शिरताना सगळं जग चपला काढतं. वडील तिथे चपला घालायचे. घरापासून देवळापर्यंतचा दीड मैल ते अनवाणी, चपला काखेत मारून यायचे. पायरीवर बसून पाय धुवायचे, पंच्यानं पुसायचे आणि मग चपला पायात सरकवून करकर वाजवत आत जायचे. त्यांच्या बापाला म्हणे कुणा गोऱ्या मिशनरी साहेबानं सांगितलं होतं की राजासमोर जाताना माणसानं नीटनेटकं जावं. साहेबाच्या मनात काय होतं देव जाणे. बापानं त्याचा अर्थ चपला असा लावला आणि मुलानं तो जन्मभर पाळला. बाकीची मंडळी चपला बाहेर ठेवून सतरंजीवर बसत. वडील एकटे चपला घालून दाराशी बसत आणि कुणी हसलं तर स्वतःही हसत.

'वडील' हे त्यांचं नाव नव्हे. आम्हा ख्रिस्ती लोकांत एका देवळाला, म्हणजे चर्चला, बांधलेल्या कुटुंबांना मिळून 'मंडळी' म्हणतात, आणि तिचा कारभार पाहायला सभासद ज्यांना निवडून देतात ते तिचे 'वडील'. एरवी एका मंडळीत तीन-चार वडील असतात. आमच्याकडे दोघे वारले, एक मुंबईला गेला आणि हे एकटे उरले. त्यामुळे थळपासून रेवसपर्यंत कोळी, आगरी, मुसलमान सगळेच त्यांना वडील म्हणत. मी माझ्या जन्मदात्याला बाबा म्हणत असे, म्हणून घोटाळा होत नसे.

धंदा शिडं शिवण्याचा. तळहाताला कातड्याचा तुकडा बांधून, दाभणात मेण लावलेली सुतळी ओवून ते दिवसभर होड्यांची शिडं शिवत. कॉलरला एक दाभण कायम टोचलेलं असे, रविवारीसुद्धा. प्रवचन चालू असताना पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, काही अवघड बोलले की वडील दारातून म्हणत, "ह्ये परत सांगा. मागं पोचलं न्हाय." पाळक बिचारे परत सांगत. दुसऱ्यांदाही पोचलं नाही तर वडील मान हलवून म्हणत, "ऱ्हाऊ द्या. फुडं चला."

आता त्यांचं खरं वेड सांगतो. आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन होई. भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायचा, एवढाच तो विधी, पण त्याहून मोठं आमच्यात काही नाही. पाळक मोठ्या गावाहून त्यासाठी मुद्दाम येत. त्याच्या आदल्या आठवड्यात वडील प्रत्येक सभासदाच्या घरी पायी जात आणि एकच प्रश्न विचारत. "कोनाशी अबोला हाय का?"

नसेल तर ते पिशवीतून चिठ्ठी काढून देत. ती घेऊन प्रभुभोजनाला बसायचं. साहेब लोकांच्या काळात चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या असत. घामानं आणि पावसानं त्यांचा लगदा होई, म्हणून वडिलांनी जुन्या शिडाच्या कापडाचे चौकोन कापून प्रत्येकावर सभासदाचा आकडा सुतळीनं शिवला होता. अबोला असेल तर मात्र चिठ्ठी परत पिशवीत जाई आणि वडील ओटीवर बसकण मारत. भांडण मिटेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

एकदा दोन जावांचं जुंपलं. एकीच्या कोंबड्यांनी दुसरीचा वाळत घातलेला जवळा फस्त केला होता. तीन आठवडे दोघी एकमेकींकडे पाठ करून एकाच विहिरीचं पाणी भरत होत्या. वडील गेले, प्रश्न विचारला, दोघींनीही तोंडं फिरवली. वडील घरी जाऊन एक मोठं शीड डोक्यावर घेऊन आले, ते दोघींच्या सामाईक अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि शिवायला बसले. अंगणात ना मासळी वाळत घालता येईना, ना भात कांडता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली कावून धाकटीला म्हणाली, "अगो, यांना सांग की उठायला. माझी सगली मासली घरात कुजतेय." वडिलांनी दाभण कॉलरला टोचलं. "बोलली ना तिच्याशी? झालं तर. ह्या घ्या दोगींच्या चिठ्ठ्या." शीड मात्र पुरं शिवून झाल्यावरच त्यांनी उचललं. काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

मी या गावात आलो तो स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी, शाळेत मास्तर म्हणून. माझे बाबा घाटावर नगरकडे पाळक होते; मी आलो त्याच्या आदल्याच वर्षी ते गेले. मला पेटी वाजवता येत होती. शेवटचा साहेब मायदेशी परतताना देवळात एक पायपेटी ठेवून गेला होता, ती उंदरांच्या ताब्यात होती. मी ती खोलून साफ केली आणि पहिल्याच रविवारी वाजवली. लोकांचे डोळे भरून आले. उपासना संपल्यावर वडील माझ्याजवळ आले.

"मास्तर, लई ग्वाड वाजवता. दाखला आनलाय?"

दाखला म्हणजे सभासदत्वाचा दाखला. एका मंडळीतून दुसऱ्या गावी जाताना तिथल्या पाळकाकडून तो लिहून आणायचा आणि नव्या मंडळीत द्यायचा, म्हणजे नाव इकडे लागतं. मी म्हणालो, "माझं नाव बाबांच्या मंडळीत आहे. राहू दे तिथेच. माझी बदली काय, कधीही होईल."

"बरं," वडील म्हणाले. "मंग तुमी पाव्हनं."

आणि त्या दिवसापासून त्यांनी मला पाहुणा करून टाकलं. ईस्टरला देवळात सगळ्यांचं जेवण होई. मी भांडी घासायला बसलो की ते हातातून पातेलं काढून घेत. "पाव्हन्यानं बसाचं. ह्ये घरच्यांचं काम हाय." देवळाच्या छपरावर कौलं बसवायला सगळे चढले तेव्हा मलाच तेवढं खाली खुर्ची टाकून दिली. आणि प्रभुभोजनाचं ताट फिरायचं तेव्हा ते पेटीपाशी थांबत नसे. पाळक एकदा म्हणाले, "वडील, मास्तरांना द्या की. चांगल्या घरातले आहेत." वडिलांनी विचारलं, "चिठ्ठी?" पाळकांनी ताट पुढे सरकवलं. मी हसून सूर धरला. मला त्याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर गमतीखाली थोडा आरामही वाटायचा. पाहुणा असलं की सभेला बसावं लागत नाही, नर्सबाईंच्या आणि दवाखान्याच्या कंपाउंडरच्या भांडणात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, आजाऱ्याच्या उशाशी जागायची पाळी येत नाही. गाणी वाजवायची, हात धुवायचे, घरी जायचं.

बाबांचं नाव पुढे करत होतो तेही एक निमित्तच. "तिथून नाव काढलं तर बाबांना तिथून उठवल्यासारखं वाटेल," असं मी एकदा फार गहिवरून त्यांना सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं शेवटचं कंदी गेलता?" मी बाबांच्या मातीनंतर गेलो नव्हतो. मनातलं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मला ही मंडळी लहान वाटत होती. मिठागरावरचे मजूर, शिडं शिवणारा म्हातारा, एक नर्सबाई, एक कंपाउंडर, भांडणाऱ्या जावा. मी पाळकाचा मुलगा, पदवीधर. यांच्या यादीत सदतिसावं नाव म्हणून मी का लागावं?

एकदाच मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, "वडील, देव काय यादी वाचून माणूस ओळखतो? मी घरी प्रार्थना करतो, रविवारी येतो. नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय."

ते शीड शिवत होते. हात न थांबवता म्हणाले, "माझा बाप बाप्तिस्मा घेऊन आला तवा भावकीनं त्याला टाकला. मी नऊ वर्षांचा आसताना पटकीनं मेला. घरात आय आन मी. आमच्या दारात कोन पाऊल टाकीना. आय म्हनाली, आता मी आन तू दोगांनीच न्यायचा. तेवढ्यात पावसातनं चौघं आले. मंडळीतलेच. त्यातल्या दोगांशी बापाचा अबोला व्हता, वरीसभर. तरी आले." त्यांनी दातानं सुतळी तोडली. "पुढं मोठा झाल्यावर मी त्यातल्या एकाला इचारलं, का आला रं तू? तर म्हनाला, तुझ्या बापाचं नाव माझ्या नावाच्या खाली लिवलेलं व्हतं. बास. येवढंच म्हनाला. मास्तर, चांगला मानूस तर कोनाकडं बी जातो. पन तो चांगला नवता. भांडका व्हता. त्याला नावानं आनला."

  मी म्हणालो, "बघू, पत्र टाकतो," आणि टाकलं नाही.

त्या वर्षांत आमची माणसं मुंबईला जाऊ लागली. गिरणीत, गोदीत, कुणाच्या बंगल्यावर. रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटे. एखादं कुटुंब निघालं की वडील पहाटे उठून धक्क्यापर्यंत चालत जात आणि पाळकाकडून आधीच आणून ठेवलेला दाखला त्यांच्या हातात देत. "तिथं गेल्यावर पयल्या आयतवारी देऊन टाकाचा. ट्रंकेत ठेवाचा न्हाय." मग घरी येऊन त्या माणसाच्या चिठ्ठीवरचा आकडा उसवत. 

कंपाउंडरनं त्यांना सुचवलं होतं, "कशाला नावं कमी करता? राहू देत मुंबईवाल्यांची नावं इथेच. आकडा मोठा दिसतो." वडील म्हणाले, "जो जेवायला येत न्हाय त्याचं पान मांडून काय करू?" आणि मग माझ्याकडे बघून, "आन जो रोज येतो तो पान मागत न्हाय." असे टोमणे ते अधूनमधून मारत. मी हसण्यावारी नेत असे. असं करता करता छत्तीसांची मंडळी चौदांवर आली.

सातव्या वर्षी, जानेवारीत, जिल्ह्याच्या कमिटीचे एक गृहस्थ आले. साहेब लोक गेल्यावर सगळा कारभार कमिटीकडे आला होता. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी उपासनेनंतर सभासदांना बसवून सांगितलं की पाळक कमी आहेत, देवळं जुनी झाली आहेत, तेव्हा ज्या मंडळीत पंधरापेक्षा कमी सभासद आहेत त्या शेजारच्या मोठ्या मंडळीत मिळवायच्या आणि तिथलं देऊळ बंद करायचं. "तुम्ही किती?" त्यांनी विचारलं.

वडील उभे राहिले. "चौदा. आन मास्तर पंधरावे. त्यांचा दाखला यायचाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सभासद नव्हतो, म्हणून पेटीपाशी वेगळा बसलो होतो. त्या गृहस्थांनी विचारलं, "पत्र टाकलंय ना मास्तर तुम्ही?" मी म्हणालो, "हो." सात वर्षांत 'पत्र टाकतो' असं बोलायची इतकी सवय झाली होती की ते तोंडातून आपोआप गेलं. त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली.

त्याच संध्याकाळी मी खरोखर पत्र लिहिलं आणि टाकलं. एवढं श्रेय मला द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं, शाळेच्या पत्त्यावर. बाबांच्या जागी आलेल्या नव्या पाळकांनी नम्रपणे लिहिलं होतं की सलग तीन वर्षं ज्यांची हजेरी नाही त्यांची नावं नियमाप्रमाणे कमी केली आहेत, त्यात माझंही आहे. तशी सूचना मला त्या वेळी धाडली होती. मला आठवलं. वार्षिक सभेचं काहीतरी असेल म्हणून ते पाकीट मी न वाचताच फडताळात टाकलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "दाखला देता येत नाही. तरी आपण आहात तिथल्या मंडळीपुढे उभे राहून विश्वासाची कबुली द्यावी व नव्याने प्रवेश घ्यावा. त्यास एका रविवारचे काम."

म्हणजे चार वर्षं मी कुठलाच नव्हतो. ज्या नावाच्या जोरावर मी पाहुणा म्हणून मिरवत होतो ते नावच नव्हतं.

एका रविवारचं काम. मी ते केलं नाही. का, ते आता लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलो आहे तर लिहितो. नव्यानं प्रवेश घेणारा माणूस देवळात सगळ्यांसमोर उभा राहतो आणि वडील त्याला प्रश्न विचारतात. मिठागरावरच्या एका मजुराला मी तसा उभा पाहिला होता. तो उत्तरं देताना अडखळत होता, आणि मी पेटीपाशी बसून त्याची कीव केली होती. त्याच्या जागी मी? पाळकाचा मुलगा? आणि आधी सगळ्यांना सांगायचं की घाटावर माझं नाव कापलं? ज्यांच्या मुलांची अक्षरं मी सुधारतो त्यांच्यासमोर? मी पत्र पुस्तकात घातलं, पुस्तक ट्रंकेत घातलं. मनाशी म्हटलं, अजून महिना आहे, पाहू. महिना काय, जातोच.

इकडे वडिलांनी टपालकचेरी धरली. रोज टपाल यायच्या वेळी ते शिडाचं काम टाकून जात आणि खिडकीशी उभे राहत. "मास्तरांचं नगरचं पत्र आलंय का?" पोस्टमास्तर वैतागून म्हणे, "वडील, ज्याचं पत्र त्याला पोचतं." ते दुसऱ्या दिवशी परत हजर. वाटेत मी भेटलो तर म्हणत, "टपाल लई ढिलं झालंय, मास्तर. तुमी काळजी करू नका." मी मान डोलवत असे. मुदत संपली. तेव्हा वडिलांनी नर्सबाईंकडून कमिटीला पत्र लिहून घेतलं: आमच्या मास्तरांनी पत्र टाकलेलं आहे, चूक टपालाची आहे, याला मी साक्ष. खाली स्वतः सही केली. सही करायला त्यांना बराच वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. कमिटीनं उत्तर दिलं की वाईट वाटतं, पण निर्णय झाला आहे. ईस्टरचं प्रभुभोजन हे त्या देवळातलं शेवटचं.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी ते शाळेत आले. वर्ग चालू होता. ते दारात उभे राहिले, मी बाहेर गेलो.

"पोस्टमन म्हनतो, नगरचं पत्र त्यानं तुमच्या हातात दिलं. दीड म्हयना झाला."

"हो."

"काय व्हतं त्यात?"

मी सांगितलं. नाव कापल्याचं, नव्यानं उभं राहायचं, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"येवढंच व्हतं?" ते म्हणाले. "मंग मला सांगाचं ना. एका आयतवारी केलं आसतं." त्यांनी वर्गातल्या पोरांकडे पाहिलं. "मी कमिटीला साक्ष लिवून दिली, मास्तर." आणि ते गेले.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ते नेहमीप्रमाणे घरोघर फिरले. तेराही जणांना चिठ्ठ्या मिळाल्या. नर्सबाई आणि कंपाउंडर यांचा अबोलासुद्धा त्यांनी त्या आठवड्यात मिटवला, कारण शेवटच्या वेळी कुणी बाहेर राहू नये. रविवारी पोराबाळांसकट देऊळ भरलं होतं. चौदापैकी तेरा सतरंजीवर होते. वडील बाहेर पायरीवर बसले होते.

पाळक दारापर्यंत गेले. "वडील, आत या. तुमच्यावाचून कसं सुरू करू?"

"तुमी करा. मला बसता येत न्हाय. माझा अबोला हाय."

"तुमचा? कुणाशी?"

वडिलांनी उत्तर दिलं नाही. पाळकांनी आत वळून सगळ्यांकडे पाहिलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याशी असेल. मला एकट्याला माहीत होतं. पेटीपासून पायरी पंधरा पावलांवर होती. मी उठून गेलो असतो, त्यांचे पाय धरले असते, सगळ्यांसमोर नुसतं "माझ्याशी आहे" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाळकांनी वाट पाहिली, मग मला खूण केली. मी गाणं सुरू केलं. ताट फिरलं, रिकाम्या तबकात तेरा चिठ्ठ्या पडल्या, आणि चाळीस वर्षं ज्या माणसानं एकेकाला त्या भोजनापाशी आणून बसवलं तो उन्हात पायरीवर बसून राहिला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. ही एक मी बसल्या जागी, सुरात केली.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चटई टाकली, चहा केला, कपबशी काढली, शाळेचं कसं चाललंय विचारलं. पाहुण्याचं करावं तसं सगळं.

मी म्हणालो, "वडील, माझं चुकलं. मला बोला काहीतरी. शिव्या द्या."

त्यांनी चहात फुंकर घातली. "राग हाय," ते म्हणाले. "न्हाय म्हनालो तर खोटं होईल. तुमी यादीतले आसता ना, तर तुमच्या दारात येऊन बसलो आसतो. चार दिस, आठ दिस. भांडलो आसतो. तुमी पन बोलला आसता मला. मंग चिठ्ठी दिली आसती आन दोगं जेवलो आसतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पन तुमच्या दारात मी कोन म्हनून येऊ? भांडायला बी नातं लागतं, मास्तर."

"मग आता घ्या मला," मी म्हणालो. "या रविवारी उभा राहतो. विचारा काय विचारायचं ते."

"कशात घेऊ?" ते म्हणाले. "मंडळी हाय कुठं आता?"

मला निरोप द्यायला ते वाटेपर्यंत आले. तब्येत सांभाळा म्हणाले.

पुढच्याच रविवारी ते स्वतःचा दाखला घेऊन सात मैल चालत मोठ्या गावच्या देवळात गेले आणि सत्तरीच्या वयात नवखा सभासद म्हणून उभे राहिले, असं नर्सबाईंनी मला सांगितलं. तिथल्या लोकांना ते विचित्रच वाटले असणार. जूनमध्ये माझी जिल्ह्यातच दुसऱ्या गावी बदली झाली, ज्या बदलीची मी सात वर्षं वाट पाहत होतो तीच. दोन-तीन वर्षांनी बाजारात तो पोस्टमन भेटला. त्याच्याकडून कळलं की वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या मरणाची सूचना जिल्ह्यातल्या प्रत्येक देवळात वाचली गेली होती. मी तेव्हा कुठल्याच देवळात जात नव्हतो.

त्यानंतर मी जिथे होतो तिथल्या मंडळीत गेलो. सगळ्यांसमोर उभा राहिलो. माझ्याबरोबर एक तेरा वर्षांची मुलगी उभी होती. तिनं माझ्यापेक्षा स्पष्ट उत्तरं दिली. मग मीही सभांना बसू लागलो, आजाऱ्यांच्या उशाशी जागू लागलो, आणि सवयीप्रमाणे चुकूही लागलो. एका सभेत मी एका विधवा बाईंना सगळ्यांदेखत टाकून बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरी आल्या, ओटीवर बसल्या आणि अर्धा तास त्यांनी मला यथेच्छ सुनावलं. मी ऐकून घेतलं, माफी मागितली, त्या चहा पिऊन गेल्या. दार लावल्यावर मला रडू आवरेना. बायको घाबरून विचारू लागली, एवढं काय बोलल्या त्या? त्या काही फार बोलल्या नव्हत्या. असं घरी येऊन मला बोलायचा हक्क मी एका म्हाताऱ्या माणसाला सात वर्षं दिला नव्हता, आणि तो हक्क नव्हता म्हणून तो म्हातारा देवाच्या ताटावरून उपाशी उठला होता.